हलकेपणाची किंमत

अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगावी लागते. कोणतीही वस्तू फुकट नसते. तिची किंमत कोणी ना कोणी, कोठे ना कोठे, केव्हा ना केव्हा मोजतच असतो. विद्यार्थी हे वाक्य वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. त्यात त्यांचा दोष नाही. एखादा नियम कोणाच्या तरी आयुष्यात उतरलेला दिसत नाही तोवर तो शब्दांच्याच पातळीवर राहतो. हा नियम ज्याच्या आयुष्यात ठळक अक्षरांत लिहिलेला आढळतो असा एक माणूस म्हणजे कॉलिन चॅपमन. शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या या इंग्रज अभियंत्याने आपल्या कंपनीला ‘लोटस’, म्हणजे कमळ, असे नाव दिले होते. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा अंत झाला. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटला, तरी त्याच्या जमाखर्चाची वही अद्याप पुरती मिटलेली नाही.

मोटारींच्या शर्यती हा आपल्या मध्यमवर्गीय घरांत चर्चिला जाणारा विषय नव्हे. जेथे कित्येक वर्षे स्कूटरसाठीसुद्धा नाव नोंदवून वाट पाहावी लागत असे, तेथे चाकांच्या वेगासाठी लाखोंची उधळण करणारा खेळ परकाच वाटणार. तेव्हा अशा अभियंत्याचे चरित्र शिक्षकाने किंवा कारकुनाने का वाचावे, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर इतकेच की, नियमांतील फट शोधणारी बुद्धी, दुसऱ्याच्या जिवावर घेतलेला धोका आणि सार्वजनिक पैशाचा व्यवहार या तीन गोष्टी कोणत्याच समाजाला परक्या नाहीत. चॅपमनच्या चरित्रात त्या तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि त्यांची उकल करणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

टंचाईच्या काळातील आरंभ

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात रिचमंड येथे झाला. उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागात त्याचे वडील ‘रेल्वे हॉटेल’ नावाचे मद्यगृह चालवीत. मुलगा बुद्धीने तल्लख होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने संरचना-अभियांत्रिकीचा, म्हणजे पूल आणि इमारती यांचा भार कोठून कोठे जातो याचा, अभ्यास केला आणि त्याच काळात विद्यापीठाच्या वैमानिक पथकात तो विमान चालवण्यासही शिकला. गणिताचा अखेरचा पेपर त्याला पुन्हा द्यावा लागला आणि त्यामुळे पदवी एक वर्ष उशिरा, १९४९ मध्ये मिळाली. परीक्षेत मागे पडलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना यातून थोडा धीर मिळण्यास हरकत नाही.

विद्यार्थिदशेतच त्याने जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला होता. महायुद्ध संपले होते, पण ब्रिटनमधील टंचाई संपली नव्हती. नव्या मोटारी निर्यातीसाठी राखून ठेवल्या जात; सामान्य ग्राहकाला जुन्यांवरच भागवावे लागे. मागणी मोठी आणि पुरवठा तोकडा, अशा बाजारात नफा सहज मिळतो. परंतु १९४७ च्या उत्तरार्धात परकीय चलनाच्या पेचप्रसंगामुळे सरकारने खाजगी मोटारींना मिळणारे पेट्रोलचे मूळ रेशनच बंद केले आणि एका आदेशासरशी हा बाजार कोसळला. चॅपमनने साठवलेल्या गाड्या मिळेल त्या भावाने काढून टाकल्या. शेवटी उरली ती १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन, जिला कोणी गिऱ्हाईकच मिळेना. ती त्याने मस्वेल हिल येथे आपल्या प्रेयसीच्या, हेझल विल्यम्सच्या, आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये उभी केली, उघडली आणि विमानबांधणीतील तत्त्वे वापरून नव्याने बांधली. लोटस मालिकेतील ही पहिली गाडी होय. न खपलेल्या मालातून एका उद्योगाचा उगम व्हावा, हे उदाहरण पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे.

काही काळ त्याने वायुदलात आणि पुढे ॲल्युमिनियमच्या एका कंपनीत नोकरी केली. संरचनेचे शास्त्र, विमानाचा अनुभव आणि ॲल्युमिनियमची ओळख या तीन गोष्टी अशा रीतीने एका तरुणाच्या हाती एकत्र आल्या. १ जानेवारी १९५२ रोजी त्याने एका सहकाऱ्यासह लोटस एंजिनिअरिंग ही कंपनी स्थापन केली. भांडवल म्हणून हेझलने दिलेले २५ पौंड होते आणि कारखाना म्हणून वडिलांच्या मद्यगृहामागील जुना तबेला. १९५४ मध्ये हेझलशी त्याचा विवाह झाला.

करातील फट

त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदीकर होता. सुट्या भागांवर मात्र तो नव्हता. चॅपमनने हे हेरले आणि पूर्ण गाडी विकण्याऐवजी तिचे भाग पेटीत भरून विकण्यास आरंभ केला. ग्राहकाने ते घरी न्यावेत, शनिवार-रविवार खपून जोडावेत आणि आठवडाभर कामावर जाण्यासाठी व सुटीच्या दिवशी शर्यतीसाठी तीच गाडी वापरावी, अशी ही योजना होती. लोटस सिक्स आणि १९५७ नंतर लोटस सेव्हन या गाड्या अशाच विकल्या गेल्या. जोडणीच्या सूचना पेटीसोबत देण्यास मनाई होती, तेव्हा गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देण्यात आल्या आणि ग्राहकाने त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचाव्यात अशी सोय झाली, अशी एक कथा सांगितली जाते. कथेतील तपशील कसाही असो, तिच्यातील वृत्ती अगदी चॅपमनची आहे. नियमात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही याकडे त्याचे अधिक लक्ष असे.

यात कायदाभंग नव्हता. कर चुकवणे आणि कर टाळणे यांत अर्थशास्त्र भेद करते, तो येथे लागू होतो. साधारण उत्पन्नाच्या तरुणाला या युक्तीमुळे चांगली मोटार मिळाली, कारखान्याला ग्राहक मिळाले आणि सरकारचा थोडा महसूल बुडाला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला तेव्हा ही फट बुजली. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क लोटसने केटरहॅम या विक्रेत्यांना देऊन टाकले. फट बुजली, पण फट शोधण्याची सवय मात्र मालकाच्या अंगी कायमची मुरलेली होती.

वजनाचा हिशेब

चॅपमनच्या अभियांत्रिकीचे सार दोन शब्दांत सांगता येते: साधेपणा आणि हलकेपणा. इंजिनाची शक्ती वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर अधिक धावते. वजन घटवले तर ती निघताना, वळताना, थांबताना, सर्वत्र चपळ होते. शिवाय इंधन कमी लागते आणि टायर कमी झिजतात. मोठ्या इंजिनासाठी मोठे भांडवल लागते. वजन घटवण्यासाठी मुख्यतः बुद्धी लागते. ज्याच्यापाशी पहिले नव्हते त्याने दुसऱ्याचा मार्ग धरावा, हे ओघानेच आले. इटलीतील फेरारीसारखे जुने घराणे या इंग्रजांना गॅरेजवाले म्हणून हिणवत असे. पण १९६० नंतर विजयाची पारडी हळूहळू या गॅरेजवाल्यांकडे झुकू लागली.

१९५६ मध्ये वॅनवॉल या ब्रिटिश संघासाठी त्याने गाडीचा सांगाडा आखून दिला. १९५८ मध्ये निर्मात्यांचे विश्वविजेतेपद प्रथमच देण्यात आले आणि ते वॅनवॉलने मिळवले. इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवण्याची पद्धत कूपर या दुसऱ्या इंग्रज कारखान्याने रूढ केली होती. चॅपमनने ती स्वीकारून अधिक रेखीव केली. १९६० मध्ये मोनॅको येथे स्टर्लिंग मॉसने खाजगी संघाच्या लोटस गाडीतून विजय मिळवला आणि या नावाची पहिली ग्रां प्री पदरात पडली.

खरी क्रांती झाली ती १९६२ मध्ये. तोवर शर्यतीची मोटार म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा आणि त्यावर चढवलेला पातळ पत्रा, अशी रचना असे. भार सारा नळ्यांवर. पत्रा केवळ वारा अडवण्यापुरता. लोटस २५ या गाडीत चॅपमनने पिंजराच काढून टाकला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे टबासारखे एक कवच बनवून त्यालाच भार वाहण्यास लावले. अंड्याचे टरफल पातळ असूनही दाब सहन करते ते त्याच्या आकारामुळे. तेच हे तत्त्व. आधीच्या गाडीच्या तुलनेत सुमारे निम्म्या वजनात सुमारे तिप्पट ताठपणा त्याला साधला. चालक त्यात जवळजवळ आडवा होऊन बसे, त्यामुळे वाऱ्याला होणारा अडथळाही घटला. जिम क्लार्क हा स्कॉटलंडमधील शेतकरी तरुण त्याला चालक म्हणून लाभला होता. १९६३ मध्ये क्लार्कने १० पैकी ७ शर्यती जिंकून विश्वविजेतेपद पटकावले. १९६५ मध्ये त्याने पुन्हा तोच मान मिळवला आणि अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही, २०० पैकी १९० फेऱ्यांत आघाडीवर राहून, जिंकली. इंजिन पुढे असलेल्या अवजड अमेरिकन गाड्यांचे युग तेथेच संपले.

१९६६ पासून इंजिनांची मर्यादा दीड लिटरवरून ३ लिटरवर गेली आणि नव्या इंजिनाची निकड निर्माण झाली. चॅपमनने फोर्ड कंपनीचे मन वळवले. फोर्डने १ लाख पौंड दिले आणि कॉसवर्थ या छोट्या कारखान्याने इंजिन तयार केले. तो चालवणारे कीथ डकवर्थ आणि माइक कॉस्टिन हे दोघेही पूर्वी लोटसमध्येच काम केलेले. डीएफव्ही नावाने ओळखले गेलेले हे आठ सिलिंडरांचे इंजिन आणि ते ज्यासाठी आखले ती लोटस ४९ ही गाडी जून १९६७ मध्ये हॉलंडमधील झांडफूर्ट येथे प्रथम उतरली आणि क्लार्कने ती पहिलीच शर्यत जिंकली. या गाडीत चालकाच्या पाठीमागे सांगाडाच नव्हता. इंजिन हाच सांगाड्याचा मागील भाग होता आणि मागील चाके त्यालाच जोडलेली होती. जो भाग तसाही सोबत वाहायचा आहे त्यालाच भार वाहू द्यावा, असा हा काटकसरी विचार होता. पुढील वर्षी फोर्डने हे इंजिन इतरांनाही विकण्यास प्रारंभ केला. मॅक्लारेन, टायरेल, विल्यम्स हे संघ त्याच्या बळावर मोठे झाले आणि १९८३ पर्यंत या इंजिनाने १५५ ग्रां प्री जिंकल्या. एक लाख पौंडांच्या गुंतवणुकीचा इतका परतावा औद्योगिक इतिहासात क्वचितच आढळेल.

तंबाखूचा रंग

तोपर्यंत शर्यतीच्या गाड्या आपापल्या देशाच्या रंगात धावत. ब्रिटिश गाडी हिरवी, इटालियन तांबडी, फ्रेंच निळी. १९६८ मध्ये जाहिरातीवरील बंधने सैल होताच चॅपमनने लोटसचा हिरवा रंग पुसला आणि गोल्ड लीफ या सिगारेटच्या पाकिटाचा तांबडा, पांढरा व सोनेरी रंग गाडीला दिला. पुढे १९७२ पासून दुसऱ्या एका सिगारेटचा काळा आणि सोनेरी. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना १९६५ मध्येच मनाई झालेली होती. जाहिरातीसाठी राखलेला तंबाखू कंपन्यांचा पैसा वाट शोधतच होता; चॅपमनने त्याला वाट दिली. शर्यतीला अमाप पैसा मिळाला, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बंदी असलेले रंग खेळाच्या रूपाने परत आले आणि याची किंमत कोठल्या रुग्णालयात कोणी मोजली याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात नोंदला गेला नाही. पुढील तीन-साडेतीन दशके तंबाखू हाच या खेळाचा मोठा आश्रयदाता होता. १९६८ मध्येच लोटसचे भाग लंडनच्या शेअर बाजारात विक्रीस आले आणि तबेल्यात जन्मलेल्या कंपनीचा मालक धनाढ्य झाला. त्यापूर्वी दोन वर्षे, १९६६ मध्ये, कारखाना नॉरफोकमधील हेथेल येथे, महायुद्धातील एका जुन्या विमानतळावर हलला होता.

जमाखर्चाची दुसरी बाजू

येथवरचे चरित्र वाचून कोणासही कौतुक वाटेल. परंतु पान उलटले पाहिजे. जो भाग हलका केला जातो त्याची सुरक्षेची शिल्लकही घटते. पूल बांधणारा अभियंता अपेक्षित भाराच्या कितीतरी पट भार सहन होईल अशी बांधणी करतो, कारण त्याला पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी वाटते. शर्यतीचा अभियंता ही शिल्लक कातरत जातो, कारण प्रत्येक जादा किलो म्हणजे गमावलेला क्षण. चॅपमन इतरांपेक्षा अधिक कातरत असे, अशी त्याची ख्याती होती.

१९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या एकाच दिवशी दोन लोटस गाड्या मोडल्या. स्टर्लिंग मॉसच्या गाडीचे मागील चाक निखळून त्याची हाडे मोडली. माइक टेलर या तरुण चालकाच्या गाडीचा सुकाणूचा दांडा तुटला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. त्याने लोटसविरुद्ध दावा लावला आणि तो जिंकला. १९६९ मध्ये बार्सिलोना येथे दोन्ही लोटस गाड्यांचे उंच उभारलेले पंख एकाच शर्यतीत मोडून पडले. त्यांतील योखेन रिंट हा चालक जखमी झाला. आपल्या गाडीच्या मजबुतीविषयीची चिंता त्याने चॅपमनला पत्राने कळवली होती. तरीही तो लोटसमध्येच राहिला, कारण जिंकायचे तर तीच गाडी हवी होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मॉन्झा येथे सरावात ब्रेक लावताना त्याची लोटस ७२ कठड्यावर आदळली आणि तो ठार झाला. पुढील ब्रेकचा दांडा तुटला होता, असे निदान बहुतेक जाणकारांनी केले. कठड्याची सदोष उभारणीही त्याच्या मृत्यूस कारण झाली. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. असा मान मिळालेला तो आजवरचा एकमेव चालक आहे. इटालियन न्यायव्यवस्थेचा ससेमिरा इतका होता की, पुढच्या वर्षी मॉन्झा येथे संघ दुसऱ्याच नावाने एकुलती एक गाडी घेऊन उतरला.

न्याय करायचा तर सर्वच मृत्यू चॅपमनच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइम येथे क्लार्क गेला तो बहुधा टायरमधील हवा गेल्यामुळे. १९७८ मध्ये मॉन्झा येथे रॉनी पीटरसन जखमी होऊन दुसऱ्या दिवशी मरण पावला तो शर्यत सुटतानाच्या गर्दीतील टकरीमुळे. त्या काळात सर्वच संघांचे चालक मरत होते आणि रुळांभोवतीची व्यवस्था भीषण होती. क्लार्कच्या मृत्यूने चॅपमन खचला होता आणि त्याला हा खेळच सोडावासा वाटला होता, हेही सांगितले पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो. चालक स्वखुशीने गाडीत बसतो, त्याला धोका ठाऊक असतो, असे समर्थन नेहमी केले जाते. वेगाचा धोका त्याला ठाऊक असतो हे खरे. परंतु दांड्याची जाडी किती मिलिमीटरने घटवली आहे, त्याच्या पोटातून भोक पाडून किती वजन वाचवले आहे, हे आखणाऱ्यालाच ठाऊक असते. करार करणाऱ्या दोन पक्षांपैकी एकालाच पूर्ण माहिती असेल तर दुसऱ्याची संमती अपुरी ठरते. बाजारात हे जितके खरे आहे तितकेच शर्यतीच्या गाडीतही.

हवेचे ओझे आणि अनुकरणाचा नियम

१९७० ते १९७३ या काळात लोटस ७२ ने संघाला तीन निर्मातेपदे मिळवून दिली. १९७२ मध्ये ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी २५ व्या वर्षी विश्वविजेता झाला. नंतर ओहोटी लागली. १९७५ मध्ये चॅपमनने पुन्हा कागद हाती घेतला आणि आपल्या संशोधकांपुढे नवे प्रश्न मांडले. टोनी रड आणि पीटर राइट यांच्या पथकाने वातबोगद्यात प्रयोग केले तेव्हा असे दिसले की, गाडीच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखाचा आकार देऊन तिच्या पोटाखालून हवा वेगाने काढली आणि कडेच्या पट्ट्यांनी ती बंदिस्त केली, तर गाडी जमिनीकडे खेचली जाते. वजन न वाढवता भार वाढतो. वळणावर टायर अधिक घट्ट धरतात. हलकेपणाच्या उपासकाला ओझे हवे होते, आणि ते त्याने हवेकडून बिनवजनाने मिळवले. १९७७ मधील लोटस ७८ आणि १९७८ मधील लोटस ७९ या गाड्यांनी इतरांना मागे टाकले. मारिओ आंद्रेत्ती १९७८ चा विश्वविजेता झाला. चॅपमनच्या हयातीतील हे सहावे चालकपद आणि सातवे निर्मातेपद. आणि तेच शेवटचे.

शुंपीटर या अर्थशास्त्रज्ञाने सांगितले आहे की, नवा मार्ग काढणाऱ्याला मिळणारा जादा नफा अल्पजीवी असतो; अनुकरण करणारे तो लवकरच वाटून घेतात. १९७९ मध्ये विल्यम्सच्या संघाने चॅपमनचेच तत्त्व त्याच्यापेक्षा मजबूत गाडीत बसवले आणि बाजी मारली. १९८१ मध्ये चॅपमनने एकात एक असे दोन सांगाडे असलेली लोटस ८८ आणली. नियमांचा शब्द तिने पाळला होता असे त्याचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांना ते पटले नाही आणि गाडी बाद झाली. ज्या वाचनपद्धतीवर त्याने आयुष्यभर विजय मिळवले तिनेच या वेळी त्याला दगा दिला. १९८२ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत एलिओ दे आंजेलिसने सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने शर्यत जिंकली, तेव्हा चॅपमनने विजयाच्या क्षणी आपली काळी टोपी हवेत उडवण्याचा परिपाठ अखेरचा पाळला.

बेलफास्टचा कारखाना

चरित्रातील सर्वांत कष्टप्रद प्रकरण आता येते. जॉन डेलोरियन हा जनरल मोटर्समधील उच्च पद सोडून आलेला अमेरिकन, स्वतःच्या नावाची मोटार काढू पाहत होता. उत्तर आयर्लंडमध्ये धार्मिक-राजकीय हिंसाचार आणि बेकारी यांनी कहर मांडला होता. काम मिळाले तर तरुणांच्या हातातील बंदूक सुटेल, या आशेने ब्रिटिश सरकारने १९७८ मध्ये बेलफास्टजवळ डनमरी येथे कारखाना उभारण्यास पैसा दिला. ही रक्कम अखेर साडेसात कोटी पौंडांच्या पुढे गेली. कॅथलिक व प्रॉटेस्टंट वस्त्यांतील दोन हजारांहून अधिक माणसांना तेथे काम मिळाले. गाडी उत्पादनास योग्य करून देण्याचे काम लोटसने घेतले आणि सुमारे दोन वर्षांत, म्हणजे आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने, पुरे केले.

परंतु या कामाचे पैसे सरळ मार्गाने गेले नाहीत. पनामात नोंदलेल्या आणि जिनिव्हातून चालणाऱ्या जीपीडी नावाच्या एका कंपनीशी करार झाला आणि सुमारे १ कोटी ७६ लाख डॉलर तिच्याकडे वळते झाले. त्यांतील काही अमेरिकन गुंतवणूकदारांचे होते, काही बेलफास्टच्या कंपनीचे, म्हणजे अंतिमतः ब्रिटिश करदात्यांचे. लोटसला तिच्या कामाचा मोबदला डेलोरियनच्या कंपनीकडून निराळा मिळतच होता. मधल्या कंपनीने त्या बदल्यात काहीच केले नव्हते. फेब्रुवारी १९८२ मध्ये डेलोरियनची कंपनी बुडाली आणि त्याच वर्षी कारखाना बंद पडला. तपास गती घेण्यापूर्वीच डिसेंबरात चॅपमन गेला. अमेरिकेत डेलोरियनवर या व्यवहारावरून खटला झाला आणि १९८६ मध्ये तो सुटला. बेलफास्टच्या न्यायालयात मात्र लोटसचा अर्थ-संचालक फ्रेड बुशेल याने गुन्हा कबूल केला आणि १९९२ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षे तुरुंगात काढावी लागली असती, असे मत त्या वेळी न्यायाधीशांनी नोंदवले. मृत माणसावर खटला चालत नाही, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने चॅपमन दोषी ठरलेला नाही. पण त्याच्या विश्वासू सहकाऱ्याने दिलेली कबुली वाचल्यावर त्याला निर्दोष म्हणण्याचे धैर्यही कोणाला होणार नाही.

सीमारेषा कोठे?

चॅपमनचे चाहते त्याचे यंत्रज्ञान आणि त्याचे व्यवहार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू पाहतात. हे सोयीचे आहे, पण खरे नाही. जी बुद्धी नळ्यांचा पिंजरा अनावश्यक ठरवते तीच बुद्धी जोडणीच्या सूचना उलट्या वाचायला लावते, तीच ब्रेकच्या दांड्याला भोक पाडते आणि तीच जिनिव्हातील कंपनीकडे पैसे वळवते. शब्दांत जे अडवलेले नाही ते मोकळे आहे, हा तिचा चारही ठिकाणचा सिद्धान्त. मग पहिल्या ठिकाणी आपण तिला प्रतिभा म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी चातुर्य, तिसऱ्या ठिकाणी बेपर्वाई आणि चौथ्या ठिकाणी अपहार, हे कशाच्या आधारावर?

माझ्या मते याचा आधार एकच आहे: किंमत कोण मोजतो आणि त्याला विचारले होते काय? लोटस २५ आखताना चॅपमनने आपला वेळ, पैसा आणि लौकिक पणाला लावला. तेथे हरला असता तर तोच हरला असता. पेटीतील मोटारीत सरकारचा महसूल बुडाला, पण उघडपणे. सरकारला फट दिसत होती आणि ती बुजवण्याचा अधिकार त्याच्या हाती होता. रिंटच्या गाडीत दुसऱ्याचा जीव पणाला होता आणि त्याला अर्धीच माहिती होती. बेलफास्टमध्ये पैसा अशांचा होता की ज्यांना कोणी काहीच विचारले नव्हते: लंडनमध्ये कर भरणारा शिक्षक, बेकारीच्या रांगेतून उठून कारखान्यात गेलेला आणि दोन वर्षांतच पुन्हा रांगेत येऊन उभा राहिलेला कामगार. आपल्याकडे ज्याला साधनशुचिता म्हणतात ती याहून निराळी नाही. तिच्यासाठी संन्यासी वृत्तीची गरज नसते. आपल्या लाभाचे देणे कोणाच्या नावावर पडते एवढे पाहण्याची सवय पुरते.

चॅपमनच्या मृत्यूनंतर लोटस कंपनी १९८६ मध्ये अमेरिकन, १९९६ मध्ये मलेशियन आणि २०१७ मध्ये चिनी मालकीकडे गेली. त्याचा शर्यत-संघ १९९४ च्या हंगामानंतर बंद पडला. त्याच्या कल्पना मात्र टिकल्या. आजच्या प्रत्येक फॉर्म्युला वन गाडीत कवचाचा सांगाडा आहे आणि इंजिन त्याचा भार वाहणारा भाग आहे. पोटाखालील हवेचे तत्त्व २०२२ च्या नियमांनी पुन्हा अग्रस्थानी आणले होते. ज्या दिवशी तो वारला त्याच दिवशी त्याच्या संघाने संगणकाने नियंत्रित होणाऱ्या झटकाशोषक रचनेची पहिली चाचणी घेतली. शेवटच्या श्वासापर्यंत हा माणूस पुढेच पाहत होता, याविषयी शंका नाही.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी हुशार मुले बाहेर पडतात. त्यांतील काही यंत्रे आखतील, काही हिशेब लिहितील, काही कार्यालयांत नियमांचा अर्थ लावतील. नियमातील फट शोधण्याची बुद्धी त्यांच्यात असावी. तिच्यावाचून नवे काही घडत नाही. परंतु वजन घटवताना ते नेमके कोणाच्या खांद्यावर जाऊन पडते, हे विचारण्याची सवय त्यांना कोणत्याही विषयाच्या अभ्यासक्रमात लावली जात नाही. चॅपमनच्या वहीतील अपुरा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला, तर ती उणीव थोडी तरी भरून निघेल.